मण्यांचा बजी: पहिल्यांदाच मणीकाम करणाऱ्यांसाठी ब्रोचची कृती

पाळीव पक्ष्यांमध्ये मणीकामाला सगळ्यांत सोयीचा पक्षी म्हणजे बजी (बजरिगार), हा छोटा पोपट. अंग गुटगुटीत, रंग मोजके आणि ठळक, आणि चेहऱ्यावरच्या चार खुणा बरोबर जागी पडल्या की खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू येतो. काचेच्या बारीक मण्यांनी फेल्टवर भरलेला, चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण ८ सेंटिमीटर लांबीचा ब्रोच कसा करायचा, ते इथे सविस्तर दिलं आहे. सुईत दोरा ओवता येतो आणि उलटी टीप घालता येते, एवढी तयारी पुरे. नवख्या हाताला दोन-तीन बैठका लागतात. एकाच बैठकीत उरकायला गेलं की चेहरा घाईत होतो, आणि सगळं काम चेहऱ्यावरच अवलंबून आहे.

चमकत्या मण्यांबद्दल आधीच सांगायला हवं. दुकानात गेल्यावर हात आपोआप चमकणाऱ्या पुड्यांकडे जातो. पण अख्खा पक्षी चमकत्या मण्यांनी भरला, तर दिव्याखाली प्रत्येक मणी वेगळ्या दिशेला प्रकाश फेकतो, कडा पुसट होतात, पंखांवरच्या काळ्या पट्ट्या हरवतात आणि उरतो तो नुसता झगमगता हिरवा गोळा. शंभर मण्यांत चमकते मणी पंधराच्या वर जाऊ देऊ नका. आजूबाजूला साधे, अपारदर्शक मणी असले तरच चमक उठून दिसते.

आधी पक्षी नीट बघा

बजी मूळचा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि तिथून त्यांची घरोघरी पैदास सुरू झाली. रानातला बजी हिरवा-पिवळा असतो. निळे, पांढरे, राखाडी हे प्रकार पाळीव पैदाशीत रुळले. पहिला नग हिरवाच करा. पिवळ्या चेहऱ्यावर काळा डोळा आणि जांभळे गाल इतके स्पष्ट दिसतात की थोडी चूक झाली तरी खपून जाते.

नमुन्यासाठी फोटो शोधताना एक काळजी घ्या. आपल्याकडे बऱ्याच दुकानांत बजीलाच ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा, आखूड शेपटीचा आणि जाड चोचीचा. त्याचा फोटो समोर ठेवून काम केलं तर शेपटी आणि डोक्याचं प्रमाण सगळंच चुकतं.

फोटोत या गोष्टी बघून ठेवा. कपाळ आणि चेहरा स्वच्छ पिवळा. डोक्याच्या मागून मानेवर उतरणाऱ्या बारीक काळ्या आडव्या रेघा, त्या पंखांवर येईपर्यंत रुंद होत जातात. गालावर जांभळट निळा डाग आणि गळ्यावर काळे ठिपके, दोन्ही बाजूंना मिळून सहा. त्यातले बाहेरचे दोन गालाच्या डागाखाली अर्धे झाकलेले. चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती एक मऊ उंचवटा असतो. प्रौढ नराचा तो निळा, मादीचा तपकिरी. घरातल्या बजीचा ब्रोच करत असाल तर या उंचवट्याचे दोन मणी चुकवू नका, घरचे लोक आधी तेच बघतात. पिल्लू असेल तर रेघा थेट चोचीपर्यंत येतात आणि डोळा पूर्ण काळा दिसतो. पहिल्या पीसझडीनंतर, साधारण तीन-चार महिन्यांचं झाल्यावर, कपाळ मोकळं होतं.

घरात बजी असेल तर पिंजऱ्याच्या तळाशी गळालेलं एखादं पीस उचलून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि खिडकीपाशी नेऊन त्याच्या शेजारी मणी लावून बघा. ट्यूबलाइटखाली निवडलेला हिरवा दिवसा निळसर निघतो, ही नेहमीची फसगत आहे. पंखावरचं पीस तर चित्रासारखंच असतं: मधे काळं आणि काठाला पिवळी किनार. रंग जुळवून झाले की पीस टाकून द्या, हात धुवा. खरं पीस ब्रोचमध्ये लावू नका, ते लवकर विस्कटतं आणि त्याला कसर लागते.

साहित्य

मणी ११ नंबरचे, गोल, काचेचे. या मण्याचा व्यास साधारण २ मिलिमीटर असतो आणि एका ग्रॅममध्ये शंभर-एकशे दहा मणी बसतात. आपल्या ब्रोचला सगळे मिळून साडेचारशेच्या आसपास मणी लागतात, म्हणजे पाच ग्रॅमही नाही. त्यामुळे प्रत्येक रंगाची सर्वांत लहान पुडी घ्या, किलोच्या भावाला भुलू नका.

- अपारदर्शक हिरवा, पोपटी छटेचा: १५०
- अपारदर्शक पिवळा: १२०
- काळा: ६०
- अपारदर्शक गडद निळा, शेपटीसाठी: ७०
- आतून चांदीचा मुलामा असलेला हिरवा: २५
- तसाच चांदीचा मुलामा असलेला निळा: २०
- जांभळा, इंद्रधनुषी झाक असलेला: ७
- १५ नंबरचे, म्हणजे आणखी बारीक मणी: काळे आणि पिवळे प्रत्येकी ४०, पांढरे ५, निळे किंवा तपकिरी २
- चोचीसाठी फिकट पिवळट-राखाडी ३, पायांसाठी गुलाबीसर राखाडी १२
- डोळ्यासाठी ३ मिलिमीटरचा काळा काचेचा गोल मणी १
- बसायच्या दांडीसाठी तपकिरी कटदाना (काचेचे नळीसारखे लांबट मणी) ६ ते ८

याशिवाय १ ते दीड मिलिमीटर जाडीचं फेल्ट, १२ बाय १२ सेंटिमीटरचे दोन तुकडे. एक पिवळं किंवा फिकट हिरवं, दुसरं कुठल्याही रंगाचं, मागच्या बाजूसाठी. पांढरं फेल्ट स्वस्त मिळतं, पण मण्यांच्या फटींतून ते डोकावतं आणि काम विरळ वाटतं. कॉलरचं बकरम, १२ बाय १२चा एक तुकडा. जुन्या प्लास्टिक फाइलच्या कव्हरचा तुकडा. तीन सेंटिमीटरची ब्रोच पिन, तिच्या पट्टीला दोन-तीन भोकं असलेली. मणीकामाच्या सुया १० आणि १२ नंबरच्या. साधी शिवणसुई ११ नंबरच्या मण्यातून कशीबशी जाते, पण तिचं नाक जाड असल्याने दुसऱ्यांदा जाताना मणी फुटतो. दोरा पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा पीळदार, आणि मेणाचा एक तुकडा.

दोऱ्याबद्दल दोन शब्द जास्तीचे. सुती दोरा नको: काचेच्या भोकाची धार त्याला हळूहळू कापते आणि वापरता वापरता एक दिवस अख्खी ओळ सुटते. तंगूसही इथे नको. माळा आणि तोरणं ओवायला तंगूस चांगला, पण भरतकामात त्याची गाठ सरकते, तो फेल्टवर सपाट बसत नाही आणि जुना झाला की तडकतो. पॉलिएस्टर दोरा मेणावरून दोनदा ओढून घेतला की गुंता होत नाही. रंग मण्यांशी जुळता ठेवा. आतून चांदीचा मुलामा असलेल्या मण्यात दोरा मुलाम्याआड लपतो म्हणून चालून जातो, पण साध्या पारदर्शक मण्यात दोऱ्याचा रंग उतरतो. पिवळ्या पारदर्शक मण्यात काळा दोरा घातलात तर मळका चेहरा मिळेल.

मणी कुठले घ्यावेत? जपानचे मियुकी आणि तोहो यांचे मणी आकाराने सर्वांत एकसारखे, चेक प्रजासत्ताकातल्या प्रेसिओसाचे थोडे चपटे, आणि उत्तर प्रदेशातल्या पुर्दिलनगरसारख्या ठिकाणी होणारे आपले देशी मणी स्वस्त पण लहान-मोठे. मुंबईत भुलेश्वर, पुण्यात रविवार पेठ आणि बोहरी आळी इथे सगळे प्रकार बघून, हातात घेऊन निवडता येतात. पहिल्या नगाला देशी मणी घ्यायला हरकत नाही, फक्त ते तांदळासारखे निवडून घ्या: पुडी ताटलीत पसरा, तिरपे कापलेले, फुगीर, भोक बुजलेले मणी बाजूला काढा. पाचात एक मणी तरी बाद होईल असं धरून चाला. बाद केलेले फेकू नका. वळणावर ओळीत पाव मण्याची फट राहते, तिथे नेमका बारीक मणीच कामी येतो.

घरी आणल्यावर रंगाची परीक्षा घ्या. नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून दोन-तीन मणी चोळा. कापसाला रंग लागला तर तो वरून चढवलेला रंग आहे. अंगावर घालायच्या वस्तूत तो घाम आणि अत्तराने उतरणार. जांभळ्या, गुलाबी आणि सोनेरी-धातूच्या मण्यांत हे जास्त आढळतं.

खाका आणि पाया

कागदावर डावीकडे तोंड केलेला, थोडा आडव्या अंगाने बसलेला बजी काढा. डोकं २ सेंटिमीटर रुंदीचा गोल. अंग त्याखाली अंड्याच्या आकाराचं, सगळ्यांत रुंद जागी २.८ सेंटिमीटर. डोकं आणि अंग मिळून उंची ५ सेंटिमीटर. शेपटी ३ सेंटिमीटर लांब, ६ मिलिमीटर रुंद, टोकाला निमुळती. खऱ्या बजीची शेपटी याहून लांब असते, एकूण लांबीच्या जवळजवळ अर्धी. पण इतकी लांब आणि बारीक पट्टी ब्रोचमध्ये वाकते, ओढणीत अडकते, म्हणून ती मुद्दाम आखूड ठेवायची. मान अजिबात काढू नका. बजीला मान दिसतच नाही, डोकं थेट खांद्यात बसलेलं असतं. नवख्यांच्या चित्रात मान आली की पक्षी राघूसारखा दिसायला लागतो.

फेल्टखाली बकरम ठेवून कडेने धावदोरा घाला, म्हणजे दोन्ही सरकणार नाहीत. खाका बटर पेपरवर उतरवा, तो फेल्टवर टाचणीने लावा आणि रेघांवरून शिवणदोऱ्याने धावदोरा घालून कागद फाडून काढा. पेनाने थेट काढलं तर फेल्टच्या लवेवर रेघ पसरते. फक्त बाह्यरेषा नाही, डोळ्याची जागा, गालाचा डाग, पंखाची कड आणि पोटाची सीमाही उतरवा. फेल्ट आत्ताच कापायचं नाही. भोवती दोन-अडीच सेंटिमीटर मोकळं कापड असलं की धरायला बरं पडतं. बकरम असल्यामुळे रिंगची गरज लागत नाही.

टाका

सगळं भरणं मण्यांच्या उलट्या टिपेने होतं. दोरा ७५ सेंटिमीटर, ११ नंबरच्या मण्यांना दुहेरी, १५ नंबरच्या मण्यांना एकेरी. दुहेरी दोरा त्या भोकातून दोनदा जात नाही.

सुई खालून वर काढा. चार मणी ओवा. ते फेल्टवर रेघेवर आडवे निजवा, बोटाने दाबून धरा आणि चौथ्या मण्याच्या अगदी काठाशी सुई खाली घाला. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या मण्याच्या मधून सुई वर काढा, तिसऱ्या-चौथ्या मण्यातून पुन्हा न्या आणि पुढचे चार मणी ओवा. असंच पुढे. ओळ संपली की त्याच दोऱ्याने ओळीतल्या सगळ्या मण्यांतून एकदा सुई नेऊन घ्या. वेडीवाकडी ओळ लगेच सरळ होते.

यात दोनच गोष्टी बिघडतात. सुई फार जवळ खाली घातली तर चार मण्यांना जागा पुरत नाही आणि मधले मणी उभे राहतात. फार लांब घातली तर मण्यांमध्ये दोरा दिसतो. दोन्ही वेळा पुढे जाऊ नका. तेवढा टाका सोडा, कारण पुढची ओळ या ओळीला टेकून बसणार आहे आणि चूक दर ओळीला वाढत जाते. वळणावर चारऐवजी दोनच मणी घ्या.

एका ओळीच्या मध्यापासून पुढच्या ओळीच्या मध्यापर्यंत एका मण्याच्या रुंदीचं अंतर धरा. ओळी नुसत्या टेकू द्या, दाबून बसवू नका. ओळी दाटल्या की फेल्ट मागे वाटीसारखं वळतं. असं वळलेलं फेल्ट इस्त्रीने सपाट होत नाही, ओळच काढावी लागते.

चेहरा: इथे वेळ द्या

पहिला मणी डोळ्याचा. डोक्याच्या गोलात, मध्यापासून किंचित वर आणि चोचीकडे सरकलेला. तो असा शिवा की भोक आडवं राहील आणि समोरून दिसणार नाही; दोन-तीन वेळा दोरा फिरवून घट्ट करा. डोळा शेवटी लावू म्हणून जागा सोडली तर आजूबाजूच्या ओळी ती जागा खातात आणि डोळा तिरका बसतो.

प्रौढ बजीच्या बुबुळाला पांढरं कडं असतं. ते दाखवायला डोळ्याभोवती पूर्ण पांढरी ओळ घातली तर २ सेंटिमीटरच्या डोक्यात ६ मिलिमीटरचा डोळा होतो आणि पक्षी दचकल्यासारखा दिसतो. म्हणून डोळ्याच्या मागे आणि खाली मिळून १५ नंबरचे चार-पाच पांढरे मणी, उरलेल्या गोलात १५ नंबरचे पिवळे सात-आठ मणी. पिल्लू करत असाल तर सगळे पिवळेच.

मग चोच. बजीची चोच पुढे आलेली नसते, पिसांत रुतलेली असते आणि खाली वळते. फिकट तीन मणी एकाखाली एक उभे, खालचा किंचित आत. त्याच्या वर उंचवट्याचे १५ नंबरचे दोन मणी शेजारी शेजारी, नराला निळे, मादीला तपकिरी. चोच डोक्याच्या गोलाबाहेर अर्ध्या मण्यापेक्षा जास्त जाऊ देऊ नका.

गालाचा डाग डोळ्याच्या खाली, चोचीच्या रेषेत: जांभळे इंद्रधनुषी मणी, वर तीन, मधे तीन, खाली एक. ब्रोचमधली सगळ्यांत जास्त चमक इथे यायला हवी. गळ्याचे ठिपके गालाच्या खालच्या काठाने, काळे ११ नंबरचे तीन मणी सुटे सुटे, प्रत्येकामध्ये दोन पिवळे मणी. आपला पक्षी आडव्या अंगाने बसलाय, त्यामुळे सहापैकी तीनच दिसणार.

आता उरलेला चेहरा पिवळ्या मण्यांनी भरा. ओळींची दिशा महत्त्वाची आहे: उंचवट्यापासून कपाळावरून मागे, डोळ्याला वळसा घालून गालाकडे, जशी पिसं निजलेली असतात तशी. आडव्या सरळ ओळींनी भरलेला चेहरा सपाट दिसतो, रंग कितीही चांगले असोत.

डोक्याच्या मागच्या अर्ध्या सेंटिमीटरात १५ नंबरच्या मण्यांच्या आडव्या ओळी घाला, एक काळी, एक पिवळी. एकूण सहा पुरेत. काळी पहिली ओळ डोळ्याच्या मागच्या बाजूपासूनच सुरू करा. ती कपाळावर आली की तुमचा प्रौढ बजी पिल्लू होतो.

पंख, पोट, शेपटी

पंखाची बाहेरची कड पिवळ्या मण्यांच्या एका ओळीने आखून घ्या. आत खांद्यापासून खाली अर्धवर्तुळाकार ओळी, ११ नंबरच्या, काळी आणि पिवळी आळीपाळीने. खालच्या पिसांकडे जाताना काळ्या ओळी दोन-दोन मण्यांनी कमी करा, म्हणजे पंख टोकाला निमुळता दिसतो. इथे चमकते मणी टाकायचा मोह आवरा. पट्ट्यांचा काळा-पिवळा विरोध जितका साधा, तितका तो उठतो.

पोट वरून खाली, किंचित बाहेर झुकलेल्या उभ्या ओळींनी अपारदर्शक हिरव्यात भरा. छातीवर, जिथे अंग सर्वांत पुढे आलंय, तिथे दर चौथा-पाचवा मणी चांदीच्या मुलाम्याचा हिरवा घ्या. एका रांगेत लावू नका, विखरून ठेवा. अंग वळल्यावर तिथे उजेड खेळतो आणि पोट फुगीर असल्यासारखं वाटतं. मणी खरोखर उचलले जावेत असं वाटत असेल तर पोटाखाली आधी एक सेंटिमीटरचा फेल्टचा लंबगोल तुकडा शिवून त्यावर भरा. कापूस भरू नका, सुई त्यात दिशा सोडते.

शेपटीला तीन उभ्या ओळी. बाहेरच्या दोन गडद निळ्या अपारदर्शक, मधली चांदीच्या मुलाम्याच्या निळ्याची. ओळी टोकाकडे एकाच मण्यात मिळवा.

दांडीसाठी कटदाने पोटाच्या खालच्या टोकाला आडवे लावा. कटदान्याची कड काचेच्या सुरीइतकी धारदार असते आणि दोरा तिथेच तुटतो, म्हणून प्रत्येक कटदान्याच्या दोन्ही टोकांना एकेक ११ नंबरचा मणी ओवा. बजीची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, त्यामुळे समोरून प्रत्येक पायाची दोनच बोटं दांडीवर दिसतात: तीन मण्यांचा एक टाका म्हणजे एक बोट, असे चार टाके. तीन बोटं काढली तर तो चिमणीचा पाय होतो.

कापणं, पिन आणि काठ

भरणं झालं की मागच्या बाजूला सगळे दोरे गाठून घ्या आणि टोकं तीन-चार टाक्यांखालून फिरवून कापा. आता लहान धारदार कात्रीने मण्यांच्या बाहेर दीड मिलिमीटर फेल्ट ठेवून कापा. कात्री स्थिर ठेवून फेल्ट फिरवायचं. मागचे दोरे आडवे आले तर कापण्याआधी आत दुमडून टाचून घ्या. याच पायरीला सगळ्यांत जास्त ब्रोच वाया जातात, कारण बाहेर आलेला दोरा कापला गेला की ती ओळ उसवते.

फाइलच्या प्लास्टिकचा तुकडा याच आकाराचा, पण सगळीकडून ३ मिलिमीटर लहान कापा. शेपटीतही त्याची पट्टी जायला हवी, नाहीतर आठवड्याभरात शेपटी वाकते.

मागच्या फेल्टवर पिन शिवा, चिकटवू नका. जागा वरच्या एक तृतीयांशात. मधोमध लावलेली पिन असेल तर डोकं पुढे झुकतं आणि पक्षी जमिनीकडे बघतो. पिनेच्या प्रत्येक भोकात चार-पाच टाके.

मग तीन थर एकत्र: भरलेलं फेल्ट, प्लास्टिक, मागचं फेल्ट. सरकू नये म्हणून मधोमध कापडाच्या गोंदाचा एक थेंब पुरे. काठापर्यंत गोंद गेला तर सुई आत जात नाही. झटपट चिकटणारा गोंद तर दूरच ठेवा, त्याच्या वाफेने मण्यांवर पांढरट थर येतो आणि चमक कायमची जाते. मागचं फेल्ट आता पुढच्या काठाबरोबर कापून घ्या.

काठाची वीण अशी. गाठ दोन थरांमध्ये लपवून सुई पुढच्या काठाजवळ बाहेर काढा. दोन मणी ओवा. दोन मिलिमीटर पुढे, मागून पुढे अशी दोन्ही फेल्टांतून सुई आणा आणि दुसऱ्या मण्यातून काठाच्या बाजूने बाहेर न्या. यापुढे दर वेळी एकच मणी: ओवा, दोन मिलिमीटर पुढे मागून पुढे सुई, त्याच मण्यातून बाहेर. मणी काठावर उभे राहतात. डोक्याभोवती पिवळे, अंगाला हिरवे, शेपटीला निळे. फेरी पूर्ण झाली की पहिल्या मण्यातून सुई खाली घालून फेल्टमध्ये गाठा. काठ लाटेसारखा झाला तर टाके फार जवळ पडलेत. मणी झुकलेले, मधे फट असेल तर फार लांब. चोचीपाशी आणि दांडीच्या टोकांना वळण तीव्र असतं, तिथे एकाच जागी दोन मणी घ्यावे लागतील.

पैठणी किंवा कुठल्याही रेशमी साडीवर हा ब्रोच लावायचा असेल तर पिन थेट रेशमात टोचू नका. पदराच्या घड्यांखाली सुती कापडाचा लहान तुकडा ठेवून त्यासकट टोचा, नाहीतर वजनाने भोक वाढतं. चुंबकाचा ब्रोच मिळतो, पण पेसमेकर असलेल्या माणसाने तो छातीवर लावू नये, आणि लहान मुलं असलेल्या घरात सुटी चुंबकं ठेवूच नयेत.

रंग बदलायचे असतील तर

निळा बजी करायचा असेल तर फार विचार लागत नाही. त्याच्या पिसांत पिवळं रंगद्रव्यच नसतं, म्हणून हिरव्याच्या जागी आकाशी आणि पिवळ्याच्या जागी पांढरा, एवढाच बदल. काळं सगळं तसंच. फेल्ट पांढरं किंवा फिकट निळं घ्या. पूर्ण पिवळा, लाल डोळ्यांचा ल्युटिनो बजी सोपा वाटतो, कारण पट्ट्या भरायच्या नाहीत. पण पट्ट्या नसल्यामुळे पंख दाखवायला पिवळ्याच्या दोन-तीन छटा आणि अचूक ओळी लागतात. तो दुसऱ्या-तिसऱ्या नगासाठी ठेवा. कॉकाटील (तुऱ्याचा पाळीव पोपट) करताना राखाडी अंग, पिवळा चेहरा, गालावर नारिंगी गोल डाग आणि डोक्यावर तुरा. तुऱ्याला फेल्ट न कापता काठाच्या विणीतून चार-पाच मण्यांचे सुटे तुरे काढा.

आपला देशी कंठवाला पोपटही मण्यांत सुरेख दिसतो, लाल चोच आणि गळ्यातली काळी-गुलाबी रेघ. मण्यांचा जरूर करा. जिवंत पोपट पाळणं मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, तेव्हा रंग बघायला झाडावरचाच पोपट बघा.

उरलेल्या मण्यांतून पिसाची कानातली

यात सुई लागत नाही, तार लागते. दांड्यासाठी जाड, २२ गेजची ८ सेंटिमीटर, गुंडाळायला बारीक, २६ गेजची ४० सेंटिमीटर, हे एका कानाचं माप. जाड तार देशी मण्यांतून जाते का ते आधी बघा, अडली तर दांड्याला २४ गेज घ्या.

जाड तारेच्या मधोमध दहा काळे मणी ओवा, दोन्ही बाजूंना तार मोकळी. बारीक तार मण्यांच्या एका टोकाला तीन वेढे देऊन बांधा. तिच्यात बारा काळे मणी ओवून दांड्याच्या एका बाजूने वर न्या, दुसऱ्या टोकाला एक वेढा द्या, तेवढेच मणी दुसऱ्या बाजूने खाली आणून वेढा द्या. पुढची फेरी पिवळी, दर बाजूला पंधरा-सोळा मणी. टोकाकडचा वेढा दांड्याला तिरपा द्या, म्हणजे पिसाला टोक येतं. देठाकडचा वेढा काटकोनात द्या, म्हणजे तिथे गोलाई येते. मणी ओळीत बसत नाहीत असं वाटलं तर संख्या न बघता एखादा कमी-जास्त करा, देशी मण्यांत हे होणारच. टोकाची जास्तीची तार ३ मिलिमीटर ठेवून कापा आणि मागे दुमडून चपट्या पकडीने दाबा. देठाकडच्या तारेचा गोल तोंडाच्या पकडीने फासा करा आणि त्यात कानातल्याचा हुक अडकवा. तार एकाच जागी तीन-चारदा वाकवली की तुटते, म्हणून चुकलेला वेढा सरळ करत बसण्यापेक्षा नवी तार घ्या.

घरात पक्षी असेल तर

हे काम पिंजऱ्यापासून वेगळ्या खोलीत, दार लावून करा. बजी कुतूहलाने प्रत्येक चमकती वस्तू चोचीत घेतो. तीस-चाळीस ग्रॅम वजनाच्या पक्ष्याने मणी गिळला तर तो आत अडकू शकतो, आणि स्वस्त धातूच्या मण्यांतलं, हुकांतलं, तारेतलं जस्त आणि शिसं त्याला विषारी ठरतं. दोऱ्याचा तुकडा पायाला गुंडाळला तर काही तासांत रक्तपुरवठा थांबतो. काम झाल्यावर फरशीवरून ओला फडका फिरवा, झाडूने मणी कोपऱ्यात जातात. ब्रोच किंवा कानातली घालून पक्षी खांद्यावर घेऊ नका. आणि पिंजऱ्यात टांगायला म्हणून मण्यांचं काहीही करू नका. त्याला खेळणं हवं असेल तर रंग न दिलेलं लाकूड आणि साधा कागद द्या.

तयार ब्रोच धुऊ नका. धूळ बसली तर मऊ कोरड्या ब्रशने झटका, आणि अत्तर मारून झाल्यावरच तो लावा. ठेवताना सपाट डबीत, शेपटी मोकळी राहील असा.